योगिता, ती अकरा कामं

योगिता,

दहावं काम झालं तेव्हा मी तुला फोन केला होता. अकरावं झालं तेव्हाही केला, पण तो तुझ्या भावाने उचलला. पलीकडे कोण आहे हे ऐकायच्या आत मी बोलून मोकळी झाले, "योगे, अकरावं झालं. आता बोल." मग त्याने सांगितलं की तू काल गेलीस. तीन दिवसांचा ताप, रक्तातल्या पेशी उतरल्या, शहाद्याहून पुढे न्यायचं ठरेपर्यंत सगळं हाताबाहेर गेलं. आणि मग त्या रडणाऱ्या घरात उभं राहून त्याने मला विचारलं, "अकरावं काय, ताई?"

मी त्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. खरं उत्तर लांबलचक होतं आणि ते फक्त तुला आणि मला ठाऊक होतं. तेव्हा ते एकट्या माझ्यापाशी उरलं, आणि ही गोष्ट गेले तीन आठवडे मला एका जागी बसू देत नाही. बोरसे गुरुजींचा निरोप आला की शाळेच्या अंकासाठी तुझ्यावर काहीतरी लिही. तुझा जन्म, शिक्षण, स्वभाव हे सगळं ते दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतील. मी कागद घेऊन बसले की आपलं भांडणच सुरू होतं. मग म्हटलं, तेच लिहावं.

आपल्या गावातून विमानाचं शिकायला गेलेल्या आपण दोघीच. लोकांना वाटायचं आपण हवाईसुंदरी होणार. तुझ्या मामीला तर तुझ्या सावळ्या रंगाची काळजी पडली होती. आपण विमान दुरुस्त करायला शिकतोय असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: मग ते वर बंद पडलं की तुम्हाला वर जावं लागतं का? तू अगदी गंभीर चेहऱ्याने हो म्हणायचीस. शिडी असते म्हणायचीस, लांब.

संस्थेत सगळं इंग्रजीत. आपण मराठी शाळेतून आलेल्या, आणि घरी तर मराठीही नाही, अहिराणी. पहिली सहामाही मी वर्गात नुसती मान हलवत काढली. खोलीवर आल्यावर तू तेच पान उघडून मला अहिराणीत सांगायचीस. कुठला बोल्ट किती जोराने आवळायचा याचं कोष्टक असतं. त्याहून जास्त आवळला तर तो आतून ताणला जातो आणि कधीतरी तुटतो. हे मला पुस्तकातून तीनदा वाचूनही शिरत नव्हतं. तू एका वाक्यात सांगितलंस, "जास्ती आवळं की जास्ती चांगलं, हाई फक्त पोताना तोंडले चालस." आज हँगरमध्ये पाना हातात घेतला की मला ते वाक्य ऐकू येतं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. माझ्या वडिलांनी, नानांनी, ते प्रमाणपत्र काचेत लावून भिंतीवर टांगलंय. त्यावर नाव माझं एकटीचं आहे, पण त्यातली अर्धी पुस्तकं मी तुझ्या तोंडून वाचली आहेत.

आणि मग विमानंच बंद झाली.

लॉकडाउन लागून आपण घरी आलो तेव्हा वाटलं, दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. नानांच्या टेम्पोवर अत्यावश्यक सेवेचा कागद चिकटवलेला होता, ते पपई घेऊन रोज गुजरातच्या बाजूला जायचे. एकदा आपण दोघी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो होतो, तर टेम्पोतून उतरता उतरता म्हणाले, "मन्ही गाडी चालू शे, तुन्हं इमान बंद. मंग मोठं कोन?" तू हसून हात जोडलेस. मला मात्र ते लागलं. नाना थट्टा करत होते हे मला कळत होतं, तरी लागलं.

बातम्यांमध्ये रांगेने उभ्या केलेल्या विमानांचे फोटो यायचे. इंजिनांची तोंडं झाकलेली. तू म्हणालीस, त्यांनाही मास्क लावलेत. आपल्या वरच्या बॅचमध्ये नोकरीची पत्रं हातात असलेले कितीतरी जण होते. त्या सगळ्यांना दुसरं पत्र आलं: पुढील सूचना मिळेपर्यंत थांबावे. ते शब्द आपल्याला इतके पाठ झाले की आपण ते कशालाही वापरायला लागलो. चहा कधी? पुढील सूचना मिळेपर्यंत थांबावे. तुझी मामी तुझ्यासाठी स्थळ घेऊन आली तेव्हा तू तिलाही हेच म्हणालीस, आणि तिला वाटलं हा सरकारी नियम आहे.

आता हसू येतं. तेव्हा आतून पोखरत होतं. थिअरीचे तास फोनवर व्हायचे, तुमच्या गच्चीच्या एका कोपऱ्यातच नेटवर्क, तिथे आपण उन्हात पोतं डोक्यावर घेऊन बसायचो. प्रात्यक्षिकही फोनवर. सर संस्थेच्या जुन्या विमानाखाली फोन धरून उभे राहायचे आणि चित्र अडकायचं ते नेमकं त्यांच्या बोटावर. ब्रेकची झीज कशी मोजायची यावर आपण पाऊण तास ते बोट बघितलं होतं. हातांनी करायचं शिक्षण डोळ्यांनी कसं होणार, असं तू सरांना लिहून विचारलंस. सरांनी नमस्काराचं चिन्ह पाठवलं.

पुढच्या वर्षी संस्था उघडली. बारा दिवस आपण खरोखरच हँगरमध्ये काम केलं. मग दुसरी लाट आली, वसतिगृहातल्या दोन मुली पॉझिटिव्ह निघाल्या आणि सगळ्यांना घरी पाठवलं. नानांचा टेम्पो आपल्याला दोंडाईच्यापर्यंत घ्यायला आला, पण गावात शिरताना पाटीजवळच अडवलं. बाहेरून आलेल्यांनी चौदा दिवस शाळेत राहायचं, असं ग्रामसमितीने ठरवलं होतं. आपल्या वाट्याला दुसरीचा वर्ग आला.

गावात काय पसरलं होतं ते आपल्याला दुसऱ्या दिवशी कळलं. करोना विमानातून आला हे सगळ्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं. आपण विमानवाल्या. म्हणजे हा रोग ज्या यंत्रातून आला त्याला हात लावून आलेल्या. आपण दोघी तोपर्यंत एकदाही विमानात बसलेलो नव्हतो, हे कुणाला सांगून पटणार? सखूआजी तर फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि लांबूनच विचारलं, "काय व पोरी, ते इमान तुम्ही हात लावाना पहिले धोयेल व्हतं का?"

तू खिडकीतून ओरडून सांगितलंस, "आजी, ते जागचं हालत नही. त्याले कोठेन करोना व्हई?"

आजींना ते पटलं नाही. जागचं न हलणारं विमान तुम्ही कशाला दुरुस्त करता, असं त्या म्हणाल्या.

ते चौदा दिवस मला दिवसागणिक आठवतात. फाटकावर ठेवलेले डबे. डब्यांचा कंटाळा आला की गुरुजींनी शाळेच्या चुलीवर करून दिलेली खिचडी. लहान मुलांच्या बाकांवर आपले गुडघे मावायचे नाहीत. गुरुजी सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला रजिस्टर घेऊन यायचे, खिडकीच्या गजांतून आत सरकवायचे, आणि आपण सही करायची. तुला स्वस्थ बसवत नव्हतं. तू बांधकामावर उरलेली तार मागवून घेतलीस आणि बाकांच्या बोल्टांना वायर लॉकिंग करायला बसलीस. बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याला पीळ दिलेल्या तारेने असं बांधायचं, की तो सुटायला लागला तर तारच त्याला उलट आवळेल. तू बांधायचीस, मी तपासायची. मी बांधलेली तू तीनदा कापून टाकलीस. पिळाची दिशा चुकली होती. मी चिडले, म्हटलं बाकच आहे, उडणार आहे का? तू तार माझ्या हातात परत दिलीस आणि मी चौथ्यांदा बांधली.

संस्थेचे कागद आले ते पावसाळ्यात. पोस्टाने, जाड पाकिटात. प्रात्यक्षिकांची यादी, प्रत्येक कामासमोर तारीख, शिकवणाऱ्याची सही आधीच केलेली, आणि विद्यार्थ्याच्या सहीची जागा रिकामी. तुझं पाकीट तू माझ्याच घरी उघडलंस. आपण दोघी खाटेवर बसलो होतो. मी भराभर सह्या करत होते, कारण शेवटच्या पानावर लिहिलं होतं की आठ दिवसांत कागद परत आले तरच निकाल लागेल. तू वाचत होतीस. मग तू माझ्या पेनवर हात ठेवलास.

"वैशे, ह्या तारखास्ले आपन कोठे व्हतूत, सांग."

मी बघितलं. चाक उतरवणं आणि बसवणं, ऑइलचा फिल्टर बदलणं, ब्रेकची झीज मोजणं, विमान जॅकवर उचलणं. अशी अकरा कामं. त्या सगळ्यांच्या तारखा आपण दुसरीच्या वर्गात बसलो होतो त्या चौदा दिवसांतल्या होत्या. वर्षाच्या सुरुवातीला छापलेल्या वेळापत्रकातल्या तारखा कुणीतरी न बघता तशाच उतरवल्या होत्या. कागदावर आपण हँगरमध्ये विमान उचलत होतो, आणि त्याच दिवशी सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाचला गुरुजींच्या रजिस्टरमध्ये आपल्या सह्या होत्या.

मी म्हटलं, सगळ्यांनी केल्या असतील. तू म्हणालीस, सगळे दुसरीच्या वर्गात नव्हते. मी म्हटलं, निकाल अडकेल. तू म्हणालीस, अडकू दे, एक सहामाही परत करू, विमान काही पळून जात नाही. आणि तू लाल पेन घेऊन तुझ्या कागदावरच्या त्या अकरा ओळींवर एकेक आडवी रेघ मारलीस. बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिलंस की हे काम मी केलेलं नाही, मला करायचं आहे.

मला करायचं आहे. त्या शब्दांवरून मी आजही पुढे जाऊ शकत नाही. तू तक्रार लिहिली नव्हतीस. तू काम मागितलं होतंस.

मी माझ्या अकराही सह्या तशाच ठेवल्या. तुला माहीत होतं, तुझ्यासमोरच पाकीट बंद केलं मी. पण त्यानंतर जे झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही, आणि हे लिहायला बसले ते खरं तर त्यासाठीच.

आठ-दहा दिवसांनी समन्वयक सरांचा मला फोन आला. तुम्ही दोघी एकाच गावच्या ना, म्हणाले. ती म्हणते त्या तारखांना ती गावात होती. तुझ्या तर सह्या आहेत. मग खरं कोण बोलतंय? मी विहिरीकडच्या वाटेवर उभी होते. गुरुजींचं रजिस्टर शाळेच्या कपाटात होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "माझ्या सह्या आहेत ना, सर."

खोटं बोलले नाही असं मी स्वतःला कितीतरी दिवस समजावलं. सह्या होत्याच. सरांनी पुढे तुला काय सांगितलं असेल ते मी ओळखू शकत होते: तुझी मैत्रीणच म्हणते कामं झाली. तुझा निकाल रोखला गेला. माझा लागला. त्या संध्याकाळी तू फोन केलास आणि सातव्या मॉड्यूलचं पुस्तक माझ्याकडे राहिलंय का एवढंच विचारलंस. मी म्हटलं, हो, आहे. तू म्हणालीस, असू दे मग.

तुला तेव्हा कळलेलं होतं का? हे विचारायला माझ्याकडे चार वर्षं होती.

मला तरी लगेच कुठे काही मिळालं? कंपन्या जुन्याच लोकांना बिनपगारी घरी बसवत होत्या, नव्यांना कोण विचारतो. दीड वर्ष मी नाशिकला एका गोदामात खोके तपासत होते, पदवी पिशवीत घालून. मग विमानं परत पूर्वीसारखी उडायला लागली, एका देखभाल कंपनीत टेक्निशियन म्हणून बोलावणं आलं. शहाद्याच्या बसस्टँडवर मला सोडायला तू आली होतीस. तुझी सहामाही तेव्हा दुसऱ्यांदा पुढे ढकलली गेली होती. नव्या बॅचमध्ये तुझं नाव कुठल्या यादीत घालायचं हे संस्थेला कळत नव्हतं, समन्वयक बदलले होते, नव्यांना तुझे कागद सापडत नव्हते. हे सगळं तू मला बस सुटायच्या आधीच्या पाच मिनिटांत सांगितलंस, जणू दुसऱ्याच कुणाचं चाललंय. माझी बॅग वर चढवलीस. म्हणालीस, हात लावशील ते नीट बघून लाव.

त्याच रात्रीच्या प्रवासात मी ठरवलं की ती अकरा कामं मी खरी करीन. एकेक करून, कुणाच्या तरी देखरेखीखाली, हातांनी. तिसऱ्या महिन्यात पहिलं झालं, चाक. तुला फोन केला. तू विचारलंस, "सही कोनी करी? खरी शे का आपलीवाली?" मी हसले. तू पण हसलीस. पुढे ते ठरूनच गेलं. काम झालं की मी फोन करायची आणि तू सही विचारायचीस.

तू मधल्या काळात काय केलंस ते गुरुजी लिहून घेतीलच, पण मला ते माझ्या डोळ्यांसमोरचं लिहायचंय. शेतकरी गटाने फवारणीचा ड्रोन घेतला आणि तो चालवायला कुणी मिळेना. तू आठ-दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलीस. दिवाळीत मी घरी आले तेव्हा तू कापसाच्या बांधावर उभी होतीस, गळ्यात रिमोट, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. उडवायच्या आधी प्रत्येक पात्याचा बोल्ट हाताने तपासलास. उतरल्यावर वहीत लिहिलंस: किती मिनिटं, वारा कुठून, कुठली बॅटरी. कुणी मागितलेलं नसताना. सखूआजी नंबर लावून बसल्या होत्या की आधी माझ्या शेतावर आण. मी म्हटलं, आजी, धुतलंय का ते विचारा. त्यांनी मला ओळखलंच नाही. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "तू इमान नुसतं पुसस. मी उडाडस."

खरं होतं ते. आपल्या दोघींत उडवलं ते तूच.

पण मला तेव्हा आनंदाबरोबर सुटल्यासारखंही वाटलं, योगे. वाटलं, चला, हिचं काही बिघडलं नाही. माझ्यावरचं एक ओझं मी परस्पर तुझ्या ड्रोनवर ठेवून दिलं. तू रोज सकाळी त्या बांधावर उभी राहून वरून जाणाऱ्या मोठ्या विमानाकडे बघत असशील का, हे मी स्वतःला विचारलंच नाही. एकदा तू सहज म्हणालीस की संस्थेत परत एक अर्ज केलाय. मी विषय बदलला.

शेवटचं भांडण दहाव्या कामानंतरचं. मी फुशारकीने सांगत होते की आता एकच राहिलं, विमान जॅकवर उचलायचं, ते झालं की मग विमान दुरुस्तीच्या लायसन्सचा अर्ज. अर्जाला संस्थेतले जुने कागदही जोडायचे असतात. तू विचारलंस, तेच कागद? मी म्हटलं, तेच, पण आता कामं खरी होतायत ना सगळी. तू म्हणालीस,

"नंतर काम करं म्हनीसन पहिलेनी सही खरी व्हस का?"

मला इतका राग आला. इतकी वर्षं मी जे पुसत होते ते तू एका वाक्यात जसंच्या तसं समोर ठेवलंस. मग मी ते बोलले. "तुले बसता येस, योगे. तुन्हा घर केळीनी बाग शे." नाना टेम्पो चालवतात, माझ्या मागे दोन बहिणी, मला एक वर्षसुद्धा वाया घालवता येत नव्हतं, असं बरंच काही बोलले. तू ऐकून घेतलंस. म्हणालीस, बॅटरी उतरलीय, मग बोलू. ड्रोनची का फोनची ते तू सांगितलं नाहीस.

त्यानंतर सात आठवडे आपण बोललो नाही. अकरावं काम झालं की मीच आधी फोन करीन आणि आधी माफी मागीन असं मी मनात धरलं होतं. ते काम आलं. पंखांखाली दोन जॅक आणि पुढे एक, प्रत्येकापाशी एक माणूस, आणि मधे उभा राहून एक जण आकडे पुकारतो. तिघांनी सारखंच उचलायचं. एकानेही घाई केली तर आख्खं विमान कलतं. मी डाव्या पंखाखाली होते. चाकं जमिनीवरून सुटली. विमान परत खाली घेतल्यावर हात पुसले आणि तुला फोन लावला. आणि बघ, तेव्हाही माफी विसरले. आधी कामच सांगून टाकलं, तेही तुझ्या भावाला.

मी पाचव्या दिवशी गावी पोचले. तुझ्या आईजवळ बसले. मावशींनी माझा हात हातात घेतला आणि मी दहाव्या कामानंतरचं भांडण सांगून टाकलं, मग सरांच्या फोनचंही. मला वाटलं त्या हात काढून घेतील. त्या म्हणाल्या, हे तर त्यांना ठाऊक होतं. सरांनी तुला त्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तू घरी येऊन आईला सांगितलं होतंस. मावशी तेव्हा चिडून आमच्या घरी यायला निघाल्या होत्या. तू त्यांना दारातच अडवलंस.

"ती म्हने, माय, वैशालीले थांबता येत नही. माले येस. जाऊ दे."

जे मी तुला चार वर्षांनी टोमणा म्हणून मारलं, ते तू आधीच माझ्या बाजूने बोलून ठेवलं होतंस. आणि मी ते तुझ्या तोंडावर फेकलं तेव्हाही तू सांगितलं नाहीस की अगं, हे तर मीच म्हटलं होतं. मला तुझा राग येतो, योगे. खरंच येतो. भांडायला हवं होतंस. माझ्या दारात येऊन, नानांसमोर. तू थांबलीस, आणि थांबता थांबता तुझा नंबर आलाच नाही.

परत आल्यावर मी पत्र लिहिलं. आमच्या कंपनीच्या क्वालिटी विभागातल्या सरांना दिलं. त्यात ती अकरा कामं लिहिली, छापलेल्या तारखा लिहिल्या, त्या दिवसांत मी कुठे होते ते लिहिलं, आणि नंतर प्रत्येक काम कधी, कुठे, कोणाच्या देखरेखीखाली केलं तेही. गुरुजींनी रजिस्टरच्या पानांचे फोटो पाठवले, एकही प्रश्न न विचारता. तुझ्याबद्दल एक परिच्छेद आहे. माझ्याबरोबरच्या विद्यार्थिनीने हे तेव्हाच लेखी कळवलं होतं आणि तिचं म्हणणं खरं होतं, असा.

सरांनी पत्र दोनदा वाचलं. भला माणूस आहे. म्हणाले, हे मी पुढे पाठवलं तर तुझा अर्ज थांबेल, किती दिवस ते मी सांगू शकत नाही, कदाचित सगळं परत करावं लागेल. सोमवारपर्यंत हे माझ्या टेबलावर राहील, विचार कर. आणि त्या दुसऱ्या मुलीचं नाव कशाला, ती तर आता नाही. मी म्हटलं, नाव राहू द्या, सर.

आज रविवार आहे. सकाळी नानांना फोन केला. त्यांना लायसन्सची तारीख पाठ होती, गावात सगळ्यांना सांगून झालं होतं. मी पहिल्यापासून सांगितलं. पाकीट, सह्या, सरांचा फोन, तू. का केलं तेही सांगितलं. तुम्ही टेम्पो चालवून शिकवत होता, एक सहामाही वाढली असती तर तुम्हाला झेपलं नसतं, म्हणून केलं. हेच वाक्य मी इतकी वर्षं बाळगलं होतं, ते पहिल्यांदा त्यांच्यासमोर बोलले. पलीकडे टेम्पोचं इंजिन चालू होतं. त्यांनी ते बंद केलं.

"मंग हाई तू माले तवय काब्र इचारं नही?" नाना म्हणाले. "माले काय. मी थांबतू."

योगिता, उद्या मी पत्र परत घ्यायला जाणार नाही. पण ते सांगायला मी हे लिहीत नाहीये. मी सकाळपासून येरझाऱ्या घालतेय ती नानांच्या त्या वाक्यामुळे, की ते थांबले असते. मला थांबता येत नाही हे मी धरून चालले होते. तूही तेच धरून चाललीस आणि त्यापायी स्वतः थांबलीस. त्या घरात नाना रोज जेवायला बसत होते, खाटेवर पाकिटं पडलेली त्यांना दिसत होती, आणि आपण दोघींनी त्यांना विचारलंच नव्हतं.